चिकन पास्ता बेकसाठी २ लिटरचं काचेचं भांडं: घ्या, पण आधी ओटीजी मोजा

चार जणांना पोटभर चिकन पास्ता बेक करायचा तर दीड लिटरचं भांडं अपुरं पडतं. २०० ग्रॅम पेने (नळीसारखा पास्ता), ३०० ग्रॅम बोनलेस चिकन, थोडी सिमला मिरची-मका आणि ६०० मिली दुधाचा व्हाइट सॉस एवढ्यानेच ते काठाला टेकतं. मग सॉस उकळला की ओटीजीच्या (घरगुती विजेच्या ओव्हनच्या) खालच्या रॉडवर सांडून करपतो आणि घरभर धूर. भांड्यावर छापलेली क्षमता काठोकाठ भरून मोजलेली असते, म्हणून २ लिटरचं लांबट, बोरोसिलिकेट म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेचं भांडंच घ्यावं.

घोडं अडतं ते ओटीजीच्या रुंदीपाशी. भांड्याची लांबी कानांसकट धरा आणि चहूबाजूंनी दोन बोटं हवा खेळायला सोडा. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात टेप घेऊन गेलात तर हे जागेवरच मोजता येईल. प्लगही बघा. १५०० वॅटचा ओटीजी ६ अँपिअरच्या छोट्या प्लगवर चालवू नये. सिडकोच्या जुन्या घरांत स्वयंपाकघरातला १६ अँपिअरचा एकुलता एक प्लग बऱ्याचदा फ्रीजने अडवलेला असतो.

बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून सहसा तडकत नाही. तरीही गरम भांडं ओल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर टेकवू नका. खाली कोरडा पंचा किंवा लाकडी पाट हवा. गॅसच्या शेगडीवर तर हे भांडं अजिबात चढवायचं नाही.

काच तापते सावकाश, पण एकदा तापली की ऊब सोडत नाही. पास्ता दुसऱ्यांदा वाढतानाही गरम असतो, हा फायदा. तोटा असा की ओटीजी बंद केल्यावरही पास्ता शिजतच राहतो आणि दूध पितो. म्हणून पेने पाकिटावर दिलेल्या वेळेपेक्षा २ मिनिटं आधी काढा. सॉससाठी ४० ग्रॅम बटरमध्ये ४० ग्रॅम मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परता, कच्चा वास गेला पाहिजे, रंग मात्र बदलता कामा नये. मग दूध थोडं थोडं घालत ढवळा. सॉस पळीवरून वाहील इतपत सैलच ठेवा. कढईत घट्ट, छान दिसणारा सॉस भांड्यात हमखास गोळा होतो. चिकनचे छोटे तुकडे मीठ-मिरीपूड लावून आधी पूर्ण शिजवून घ्या. कच्चं घातलं तर पाणी सुटतं, सॉस फाटल्यासारखा दिसतो.

चीजमध्ये गल्लत होते. प्रोसेस्ड चीज सॉसमध्ये घाला, त्यातल्या क्षारांमुळे ते एकजीव वितळतं. वरच्या थराला मात्र मोझरेला, कारण प्रोसेस्डला तशी तार आणि भाजल्याचे तपकिरी डाग येत नाहीत. त्यावर चुरलेला टोस्ट भुरभुरा. ताज्या पावाचा चुरा पावसाळ्यात खुसखुशीत होता होत नाही.

ओटीजी १८० अंशांवर १० मिनिटं तापवा. भांडं खालच्या खाचेत ठेवून, फॉइल झाकून २० मिनिटं, मग फॉइल काढून १० ते १२ मिनिटं. ओटीजीच्या बटणावरचा आकडा बऱ्याचदा खोटा असतो, तेव्हा काचेतून कडेचे बुडबुडे बघा. पत्र्याच्या टिनमध्ये ही सोय नाही, आणि जास्तीचे पैसे मोजायचे ते यासाठीच. काढल्यावर १० मिनिटं थांबा, नाहीतर पहिला घास पातळ लागेल.

सोबत येणारं प्लास्टिकचं झाकण फक्त फ्रीजसाठी. तेही भांडं निवल्यावर लावा, नाहीतर आतल्या वाफेचं पाणी टोस्टच्या चुऱ्यावर ठिबकतं.