मुलांच्या गटाला लोहारकाम शिकवताना पहिलं काय घ्यावं: एस-हूक, पान की रोडग्यांची आकडी?

शिबिराची तारीख ठरली, गावातले लोहारभाऊ भट्टी द्यायला तयार झाले, ऐरणीसाठी रुळाचा तुकडा मिळाला, की प्रश्न उरतो तो हाच: पहिल्या दिवशी मुलांनी बनवायचं काय? बहुतेक जण तीन वस्तूंपाशी येऊन थांबतात: एस-हूक, लोखंडी पान, आणि चुलीतले निखारे किंवा त्यांत भाजलेले रोडगे (कणकेचे गोळे) ओढायची लांब आकडी. यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत अकरा-बारा वर्षांपुढच्या मुलांकडून मी या तिन्ही करून घेतल्या आहेत. तिन्ही जमतात. तरी माझा कल एकीकडे आहे, आणि तो का, ते सांगतो.

एस-हूकची बाजू आधी, कारण कागदावर तोच जिंकतो. पंधरा सेंटिमीटरचा तुकडा लागतो, म्हणजे ८ मिमीच्या १२ मीटर सळईतून ८० मुलांचं काम भागतं. आकडीला ६० सेंटिमीटर लागतात, तिथे त्याच सळईत जेमतेम वीस मुलं बसतात. टोक काढणं, वळवणं, दोन्ही बाजू सारख्या आणणं, असं लोहारकामाचं मूळ बरंचसं त्यात येऊन जातं. वस्तूही कामाची. गोठ्यात कंदील टांगा, स्वयंपाकघरात झारा टांगा. लोखंडाचा खर्च हीच तुमची मोठी अडचण असेल, तर एस-हूक घेण्यात काहीच चूक नाही.

माझं त्याच्याशी बिनसलं ते सांडशीमुळे.

हूकचं पहिलं टोक मजेत होतं. दुसरं टोक तापवायची वेळ आली की उरलेला सगळा तुकडा हात लावण्यापलीकडे जातो, आणि मुलाच्या डाव्या हातात सांडशी द्यावी लागते. गावातल्या लोहाराची सांडशी वखराची पास, नांगराचा फाळ, कुऱ्हाड अशा जाड, चपट्या लोखंडासाठी केलेली असते. ८ मिमीची गोल सळई तिच्या जबड्यात दोनच ठिकाणी टेकते. पहिला घाव पडला की सळई फिरते, दुसऱ्याला निसटते. "सर, हे तं सटकते," हे वाक्य एस-हूकच्या दिवशी मी जितकं ऐकलं, तितकं दुसरं कुठलंच नाही. मुलाचं सगळं लक्ष डाव्या हाताकडे जातं. उजव्या हातातला हातोडा कुठे पडतोय, हे बघायला त्याच्याकडे काही उरतच नाही. मग शिकायचं होतं ते घाव घालणं, आणि सकाळ जाते ती धरून ठेवण्यात.

निसटलेला तुकडा जमिनीवर पडतो, ती बाब याहून गंभीर. साधारण ५०० अंशांच्या खाली लोखंड लाल दिसत नाही. काळं दिसतं, थंड वाटतं, आणि हात भाजण्याइतकं मात्र नक्की गरम असतं. गटात कुणीतरी मदतीच्या भावनेनं पटकन वाकतंच. शिवाय आखूड तुकडा कोळशात बुडतो. मुलं तो शोधत बसतात, आणि सापडेपर्यंत त्यातून पांढऱ्या ठिणग्या उडायला लागलेल्या असतात, म्हणजे लोखंड जळालं.

यावर उपाय आहेत, हेही सांगायला हवं. गोल सळई नीट बसावी म्हणून जबड्याला खाच असलेली सांडशी लोहाराकडून करून घेता येते. दांड्यांवर कडी सरकवून पकड घट्टही ठेवता येते. दोन-तीन अशा सांडश्या तुमच्याकडे असतील, तर माझी तक्रार निम्मी गळून पडेल. पण आमच्या भाऊंचं म्हणणं मला पटलं: "सांडशी धरनं हेच आधी शिका लागते, घाव मंग." ते दुसऱ्या शिबिरात शिकवावं.

पानाचं सौंदर्य वादातीत आहे. लांब सळईच्या टोकावरच ते घडतं, त्यामुळे बराच वेळ सांडशी लागत नाही. टोक निमुळतं करायचं, मागे मान बारीक करायची, मग पुढचा भाग चपटा करून छिन्नीनं शिरा ओढायच्या. आईच्या किल्ल्यांना अडकवलेलं ते पान मूल वर्षभर दाखवत फिरतं. अडचण मानेत आहे. मान काढायला ऐरणीची कड धारदार लागते, घाव अर्धा ऐरणीवर आणि अर्धा बाहेर पडावा लागतो. रुळाच्या कडा गोल असतात, तिथे ही खाच पुसटच येते. कोपरा घासून सरळ केला तरी नवख्या हाताकडून मान गरजेपेक्षा बारीक होते आणि पुढच्या तापात पानासकट गळून पडते. मोठ्या मुलांचा पाच-सहा जणांचा गट असेल तर मी आनंदानं पान घेईन. बारा-पंधरा जण असतील तर बहुधा नाही.

आता आकडी. हिवाळ्यात शेतावर रोडग्यांचा बेत होतो, तेव्हा गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतून रोडगे ओढायला काहीतरी लांब लागतंच. घरी गॅस आला तरी आंघोळीच्या पाण्याची चूल अजून बऱ्याच अंगणांत पेटते. म्हणून ही वस्तू काय आहे, हे आमच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

एका टोकाला निमुळतं करून टांगायचा डोळा वळवायचा, पाण्यात विझवायचं, मग दुसऱ्या टोकाला आकडा. सळई ६० सेंटिमीटर असल्यानं हातातलं टोक थंडच राहतं, फक्त विस्तवात आठ-दहा सेंटिमीटरहून जास्त खुपसू द्यायची नाही. सांडशी नाहीच. मूल सळई धरतं तशी ती राहते, हवी तशी फिरते, आणि सगळं मन घावावर लागतं. काही वेळातच हातोड्याचा आवाज बदलतो, ठोके एका लयीत यायला लागतात. हा फरक मी घड्याळ लावून मोजलेला नाही, पण कानांना तो दर वेळी कळतो. शिवाय तीन सळया तीन बाजूंनी एकाच विस्तवात राहतात, आणि प्रत्येकाला आपली कुठली ते बाहेरूनच दिसतं.

तिचीही एक बाजू जपावी लागते. तापलेलं टोक घेऊन मूल गर्रकन वळलं, तर लांब सळई दूरवर पोचते. भट्टी आणि ऐरण यांच्यामध्ये चुन्यानं वाट आखावी. त्या वाटेवर एका वेळी एकच जण, टोक खाली. हे मात्र कडकपणे पाळावं लागतं.

मोठ्या खिळ्याची सुरी मुलं हटकून मागतात. पहिल्या दिवशी पातं नको, असं माझं मत आहे. खिळ्याच्या मऊ लोखंडाला धारही टिकत नाही. शेतकऱ्यांची मुलं खुरपं मागतात. त्याला गाडीच्या कमानपट्ट्यासारखं जास्त कार्बनचं लोखंड, जड घाव आणि नेमकं पाणी देणं, म्हणजे तापवून बुडवून कडक करणं, लागतं. ते भाऊंनी शेवटी करून दाखवावं, मुलांनी बघावं.

काहीही निवडा, सावली सोडू नका. आपल्याकडच्या उन्हात लाल लोखंड काळं दिसतं आणि मुलांना ताप ओळखताच येत नाही. शेडमध्ये किंवा दाट कडुलिंबाखाली केशरी रंग लगेच कळतो. कोळसा शक्यतो बाभळीचा लाकडी घ्यावा. वणी-चंद्रपूरकडचा दगडी कोळसा स्वस्त पडतो, पण पेटताना धूर फार करतो. वाऱ्यासाठी हातानं फिरवायचा पंखा बरा: वीज गेली तरी काम चालतं, आणि थांबलेल्या एका मुलाला काम मिळतं. बाकीच्यांना मी नायकुंडची गोष्ट सांगतो. नागपूर जिल्ह्यातल्या त्या गावी अडीच हजार वर्षांहून जुनी लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली, हे ऐकून पंख्याजवळची मुलंसुद्धा मान वळवतात. शाळेचा गणवेश टेरिकॉटचा असेल तर त्या दिवशी घरचे सुती कपडे सांगा. ठिणगीनं सुत जळतं, टेरिकॉट वितळून अंगाला चिकटतं.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. लाली गेलेल्या पण गरम लोखंडावर ते चिंधीनं चोळलं की काळा, गुळगुळीत थर बसतो आणि गंज लवकर धरत नाही. सळई घेताना स्लॅबच्या उरलेल्या टीएमटीचा, म्हणजे बांधकामाच्या कंगोरेदार सळईचा, मोह टाळा. तिच्या कडा घावाखाली दुमडतात आणि तिथेच पुढे भेगा पडतात. जस्ताचा मुलामा असलेलं तर विस्तवाजवळही नको, त्याच्या धुरानं थंडी-ताप येतो. साधी गोल ८ मिमी मागा, आणि दुकानातच ६० सेंटिमीटरचे तुकडे पाडून घ्या. शाळेत हॅकसॉनं कापत बसलात तर अर्धी सकाळ त्यातच जाते.