होरायझन युरोप की भारत-जर्मनी ‘२+२’? सोलापूरच्या संशोधकाने अर्ज कुठे करावा

डाळिंबाच्या सालीत टॅनिन, म्हणजे कापडावर रंग धरायला मदत करणारं तुरट द्रव्य, भरपूर. त्या सालीने सुती टॉवेल पक्के रंगवता येतील का आणि रंगाचं पाणी नाल्यात सोडण्याआधी स्वच्छ कसं करायचं, हा विषय घेऊन एक तरुण सहकारी माझ्याकडे आले. साल आपल्याच बागांतली, टॉवेल आपल्याच मागांवरचे. विषय मला मनापासून आवडला. अडलंय ते पैशाशी. अर्ज युरोपीय संघाच्या ‘होरायझन युरोप’ या संशोधन-निधी कार्यक्रमाकडे करावा की भारत-जर्मनीच्या ‘२+२’ योजनेत?

होरायझनचा आकडा मोठा आहे: २०२१ ते २०२७ या काळासाठी सुमारे ९५.५ अब्ज युरो. पण त्यात आपला देश नेमका कुठे बसतो, हे आधी पाहावं. ब्रिटन २०२४ पासून ‘सहयोगी देश’ आहे. न्यूझीलंड, कॅनडा आणि दक्षिण कोरिया मोठ्या संयुक्त प्रकल्पांच्या विभागापुरते सहयोगी झाले. हे देश कार्यक्रमात आपली वर्गणी भरतात, म्हणून तिथल्या संस्था युरोपीय संस्थांच्या बरोबरीने निधी मागू शकतात. हे लिहिताना भारत त्या यादीत नाही. भारतीय संस्थेला भागीदार होता येतं, पण निधी आपोआप मिळत नाही. अर्ज मागवणाऱ्या सूचनेत तशी तरतूद हवी, नाहीतर आपल्याशिवाय प्रकल्प होणारच नाही हे युरोपीय आयोगाला पटायला हवं. काही ठरावीक विषयांत आपला विज्ञान व तंत्रज्ञान विभाग किंवा जैवतंत्रज्ञान विभाग भारतीय बाजूचा खर्च उचलतो. तो विषय आपला असेलच असं नाही. शिवाय सदस्य किंवा सहयोगी देशांपैकी तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन संस्था लागतात, आणि आपण त्या तिनांत धरले जात नाही.

हे मी ठेच लागून शिकलो. एका युरोपीय गटाने आम्हाला भागीदार म्हणून घेतलं, आम्ही चार महिने राबून आमचा भाग लिहिला, आणि अगदी शेवटी कळलं की आमच्या नावापुढे रक्कम शून्य आहे. महाविद्यालयाकडे प्रयोगासाठी वेगळा पैसा नव्हता. माघार घ्यावी लागली, त्याचं आजही वाईट वाटतं.

आता ‘२+२’. भारत-जर्मनी विज्ञान व तंत्रज्ञान केंद्र २०१० मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून उभं केलं, कार्यालय गुरुग्रामला. प्रत्येक देशातून एक संशोधन संस्था आणि एक उद्योग, असे चौघे एकत्र यायचे. भारतीय बाजूला भारताकडून, जर्मन बाजूला जर्मनीकडून निधी. मुदत साधारण तीन वर्षं. रक्कम होरायझनच्या मोठ्या प्रकल्पांपुढे लहान आहे, पण आपल्या वाट्याचा पैसा कुठून येणार हे पहिल्या दिवशीच ठाऊक असतं. माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे.

आणि सोलापूरला उद्योग शोधायला लांब जावं लागत नाही. अडचण वेगळीच आहे. उद्योगाला स्वतःचा वाटा घालावा लागतो, कागदपत्रं आणि हिशेब चोख लागतात. घरचे चार-सहा माग चालवणाऱ्याला हे झेपणार नाही. स्वतःचं रंगखातं असलेला, निर्यात करणारा टॉवेल कारखानदारच हवा. जर्मन उद्योग मिळवणं त्याहून अवघड. तिथल्या प्राध्यापकाची ओळख असेल तर त्यांच्यामार्फतच विचारा.

ब्रिक्स देशांचीही संयुक्त योजना आहे, तिथेही प्रत्येक देश आपापल्या संशोधकाचा खर्च करतो. आपल्या विषयाची सूचना निघाली तर जरूर बघा.

एकट्याने जायचं असेल तर मात्र माझं मत उलटं आहे. होरायझनमधलीच ‘मारी क्यूरी’ पाठ्यवृत्ती कुठल्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे. तिथे भारत सहयोगी नसल्याने काही अडत नाही. पीएच.डी. झालेली हवी आणि ज्या देशात जायचं तिथे अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य नको. पीएच.डी. करायची असणाऱ्यांसाठी ‘मारी क्यूरी’चीच ‘डॉक्टरल नेटवर्क्स’ आहेत, म्हणजे अनेक संस्थांनी मिळून चालवलेले पीएच.डी.चे कार्यक्रम. आपल्या विद्यापीठातल्या मुलामुलींनी हा अर्ज करावाच, असं मला कळकळीने वाटतं.

सहकाऱ्यांना मी ‘२+२’ सुचवलं. प्रस्तावाचा एकही शब्द लिहिण्याआधी केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात सालीबद्दल बोलून घ्या, असंही सांगितलं. कारखानदार शोधायला येत्या सोमवारी आम्ही दोघं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जाणार आहोत.