बीसीआर-एबीएल तपासणी : अहवाल चोख, नमुन्याची ने-आण ढिसाळ

माझ्या वडिलांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग आहे आणि त्यांची बीसीआर-एबीएल तपासणी, म्हणजे या आजाराला कारणीभूत असलेल्या जनुकाचे रक्तातील प्रमाण मोजणारी तपासणी, पुण्यातील एका खासगी प्रयोगशाळेत दर तीन महिन्यांनी होते. इमॅटिनिब हे औषध सुरू झाल्यावर पांढऱ्या पेशी बहुधा काही आठवड्यांतच आटोक्यात येतात, त्यामुळे साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा अहवाल, उत्तम दिसू लागला तरी आजार नेमका किती मागे हटला आहे हे त्यातून कळत नाही. ते पीसीआर या जनुकीय तपासणीने मोजलेल्या बीसीआर-एबीएलच्या टक्केवारीतून कळते. आणि ही टक्केवारी आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर, म्हणजे 'आयएस'वर, दिलेली असावी लागते, कारण तिसऱ्या महिन्यात १० टक्के, सहाव्यात १ आणि बाराव्यात ०.१ किंवा त्याहून कमी, हे उपचाराचे टप्पे त्याच मोजपट्टीवर ठरलेले आहेत.

या बाबतीत अहवालाला नावे ठेवायला जागा नाही. आयएस टक्केवारी, ट्रान्सक्रिप्टचा (बीसीआर-एबीएल जनुकापासून बनणाऱ्या आरएनए रेणूचा) प्रकार आणि तुलनेसाठी मोजल्या जाणाऱ्या एबीएल या नियंत्रक जनुकाच्या प्रतींची संख्या, या तिन्ही गोष्टी स्पष्ट छापलेल्या असतात. शेवटच्या आकड्याकडे आपण सहसा पाहत नाही, पण 'आढळले नाही' या शेऱ्यावर किती विसंबायचे हे त्यावरच ठरते. प्रती दहा हजारांहून कमी असतील, तर तो शेरा फारसा दिलासा देणारा नसतो.

घरी येऊन रक्त नेण्याची सेवा मात्र सुधारायला हवी. एकदा शनिवारी संध्याकाळी घेतलेला नमुना सोमवारपर्यंत तसाच पडून राहिला. ही तपासणी ज्यावर होते ते आरएनए नाजूक असते, नमुना लवकर पोहोचला नाही तर ते तुटते, आणि झालेही तसेच: प्रती अपुऱ्या म्हणून पुन्हा रक्त मागवले गेले. दुसऱ्या वेळचे पैसे घेतले नाहीत, हे मान्य केले पाहिजे. पण काउंटरवरून मिळालेले "रक्त ते रक्तच, त्याला काय होतंय" हे उत्तर कर्करोगाची तपासणी करणाऱ्यांना शोभत नाही.

तरीही आम्ही प्रयोगशाळा बदललेली नाही. एकाच रुग्णाचे आकडे दोन ठिकाणी दुपटी-तिपटीने वेगळे येऊ शकतात, आणि मग खरा बदल कोणता हे डॉक्टरांनाही सांगणे अवघड होते. आता आम्ही आठवड्याच्या सुरुवातीला सकाळीच तिथे जाऊन रक्त देतो आणि नमुना मुख्य प्रयोगशाळेकडे कधी निघणार हे विचारून घेतो. उपाशीपोटी येण्याची त्यांची सूचना या तपासणीपुरती अनावश्यक आहे.