पलंगाची उंची न विचारणारा सुतार

बाळाच्या पाळण्यासाठी फोनवरच्या जाहिरातीतल्या एका विक्रेत्याला मी एकूण १७,०८० रुपये भरले आणि त्याच्याकडून आजवर लाकडाची एक पट्टीही आलेली नाही. आधी ९,२५० रुपये आगाऊ, मग वाहतुकीची अनामत म्हणून ४,५०० आणि शेवटी जीएसटीचे म्हणून ३,३३०. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण गेली अकरा वर्षे मी एका कंपनीच्या हिशेब विभागात बिले तपासते. पण मी गप्प बसले तर आणखी कुणाचे पैसे त्याच खात्यात जातील.

आमची झोपायची खोली दहा फूट बाय नऊ फूट आहे. हॉलमध्ये सासू-सासरे झोपतात, त्यामुळे आम्ही दोघे पलंगावर आणि चार वर्षांची मुलगी पायथ्याशी अंथरलेल्या गादीवर, अशी या खोलीची वाटणी आहे. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये पंचवीस इंच जागा उरते आणि बाळासाठी देता येण्यासारखी तेवढीच होती. तयार मिळणारे मोठे पाळणे साधारण अठ्ठावीस इंच रुंद असल्यामुळे तिथे मावत नव्हते. सासूबाईंचे म्हणणे झोळी बांधावी असे होते. परंतु बाळाला आपल्याच खोलीत, पण वेगळ्या, सपाट आणि घट्ट गादीवर, पाठीवर झोपवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून पलंगाला लागून बसणारा, एका बाजूने उघडा पाळणा मापाने करून घ्यायचे ठरले. सातवा महिना संपत आला होता, यांची रात्रपाळी चालू होती आणि उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात दोन-दोन दिवस हिंडणे मला शक्य नव्हते. अशा वेळी, जोधपूरला आमचा शिसमच्या लाकडाचा कारखाना आहे असे सांगणाऱ्या एकाची जाहिरात फोनवर दिसली. किंमत १८,५०० रुपये, निम्मे आगाऊ.

मी त्याला खोलीचा आराखडा काढून पाठवला. रुंदी वीस इंच, लांबी छत्तीस, कपाटाचे दार उघडता यावे म्हणून खाली चाके, आणि गजांमधले अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, हेही लिहिले. दोन मिनिटांत उत्तर आले, ‘हो जाएगा दीदी, बिल्कुल फिट बैठेगा.’ मी इथेच थांबायला हवे होते. पलंगाला जोडायच्या पाळण्याची गादी पलंगाच्या गादीला अगदी समपातळीत यावी लागते आणि दोन्हींमध्ये फट राहता कामा नये, नाहीतर त्या फटीत बाळ अडकू शकते. असा पाळणा करणाऱ्याला सगळ्यात आधी पलंगाची उंची लागते. त्याने ती विचारली नाही आणि मीही सांगायची विसरले. पुढे आमच्या गल्लीतले सुतारकाका आले, तेव्हा त्यांनी पिशवी खाली ठेवण्याआधीच विचारले, ‘गादी धरून पलंग किती उंच आहे?’ साडेबावीस इंच. हे ऐकले आणि मला रडू आले. त्या माणसाला पाळणा करायचाच नव्हता, म्हणून त्याला उंची नको होती. मापाने वस्तू करून देणारा माणूस तुम्हाला प्रश्न विचारत नसेल, तर एक रुपयाही देऊ नका.

दुसरी चूक मला अधिक बोचते. जीएसटीसाठी त्याने बिल पाठवले, त्यावर नऊ टक्के केंद्राचा आणि नऊ टक्के राज्याचा कर, प्रत्येकी १,६६५ रुपये, असे लिहिले होते. माल राजस्थानातून महाराष्ट्रात येणार असेल तर असे दोन वेगळे कर नव्हे, एकत्रित आयजीएसटी लागतो, आणि राजस्थानचा जीएसटी क्रमांक ०८ ने सुरू होतो. या बिलावरचा क्रमांक २७ ने, म्हणजे महाराष्ट्राच्या आकड्याने, सुरू होत होता. कार्यालयात असे बिल मी पहिल्या नजरेत परत पाठवले असते. घरी रात्री साडेदहाला, पाय सुजलेले असताना आणि ‘गाडी निघायची थांबली आहे’ असा धोशा चालू असताना मी ते न वाचता पैसे पाठवले. जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर फुकट तपासता येतो आणि त्याला एक मिनिटही लागत नाही.

त्यानंतर त्याचा फोन बंद झाला. आज येईल, उद्या येईल म्हणत मी नऊ दिवस वाट पाहिली, आणि ही तिसरी चूक. पैसे गेल्याचे कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी, कारण पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधीच ते गोठवता येण्याची शक्यता असते.

परंतु तक्रार करायला गेल्यावर जे सोसावे लागले त्याचा राग अजून गेलेला नाही. बँकेत सांगितले की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे आमची जबाबदारी नाही. पोलिस ठाण्यात आठव्या महिन्यात मला पावणेदोन तास बाकावर बसवून ठेवले आणि मग ऐकवले की माल न मिळणे हा ग्राहक तक्रारीचा विषय आहे. ग्राहक तक्रारीसाठी गेले, तर तिथे म्हणाले की समोरच्याचा पत्ताच खोटा असल्यामुळे ही फसवणूक आहे, पोलिसांकडे जा. पुन्हा ठाण्यात गेले, तर ‘जोधपूरचे प्रकरण जोधपूरला नोंदवा’ हे उत्तर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र, म्हणजे ज्यात पोलिस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती, तो कुठेही घडलेला असला तरी, कोणत्याही ठाण्यात देता येते. हे मी छापून नेले तेव्हा कुठे अर्ज घेतला गेला, आणि तोही ‘एवढ्या रकमेसाठी कशाला’ हे ऐकवून. सतरा हजार ही आमच्या घराची बाळंतपणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम होती. अर्जाची शिक्का मारलेली प्रत मागून घ्या. मी पहिल्या खेपेला मागितली नाही आणि त्या भेटीचा कोणताही पुरावा माझ्याकडे नाही.

सुतारकाकांनी ७,८०० रुपयांत पाळणा करून दिला, पलंगाला पट्ट्यांनी घट्ट बांधला आणि दोन गाद्यांच्या मधून हात घालून फट राहिली नाही याची खात्री केली. बाळ आता सहा आठवड्यांचे आहे आणि त्यातच झोपते. माझ्या तक्रारीपुढे मात्र अजूनही ‘प्रक्रियेत’ एवढेच लिहिलेले आहे. पांढरा पाळणा, भोवती ढगांच्या नक्षीचे लोड आणि आत राईची उशी, असा फोटो दाखवून कुणी तुमच्याकडून आगाऊ रक्कम घेतली असेल, तर रक्कम कितीही लहान असली तरी स्वतःची वेगळी तक्रार नोंदवा आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याचा तपशील तिच्यात अवश्य लिहा.