हिलुल्याचा दिवा: डबीवरच्या 24 तासांवर विसंबू नका

हिलुला म्हणजे ज्यू संताच्या पुण्यतिथीचा उत्सव. इस्राएलमधल्या मेरोनला प्राचीन धर्मगुरू रब्बी शिमोन बार योखाईंच्या (हिब्रू पंचांगातला 18 इय्यार) किंवा नेतिवोतला रब्बी बाबा सालींच्या (4 श्वात) हिलुल्याला जाणं जमत नाही, तेव्हा घरी किंवा सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) ‘नेर नेशामा’, म्हणजे आत्म्याचा दिवा, लावतात. काचेच्या पेल्यातली मेणबत्ती, पत्र्याची डबी, तेलाचा पेला आणि विजेचा दिवा, असे चार प्रकार मिळतात.

डबीवर ‘24 तास’ छापलेलं असतं. एरवी सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत तेवढं पुरतं. 4 श्वात शनिवारी आला की मात्र कमी पडतं: दिवा शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी, शब्बाथच्या (शुक्रवार सूर्यास्त ते शनिवार रात्र, ज्यूंचा विश्रामदिन; तेव्हा ज्योत पेटवत नाहीत) दिव्यांआधी लावायचा आणि तारे दिसेपर्यंत तेवत ठेवायचा, म्हणजे जवळपास 25 तास. म्हणून योम किप्पूर या उपवासाच्या दिवसासाठी विकतात तो 26 तासांचाच घ्या. लाग बाओमेर, म्हणजे 18 इय्यार, शनिवारी कधीच येत नाही. तो रविवारी असेल तर दिवा शनिवारी रात्री हवदाला (शब्बाथ संपवण्याचा विधी) झाल्यावरच लावायचा.

पत्र्याची डबी स्वस्त आणि न फुटणारी, पण तळ चांगलाच तापतो. प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर ठेवलीत तर डाग ठरलेलाच. खाली चिनी मातीची बशी हवी. काचेच्या पेल्यात ज्योत सुंदर दिसते, पण घेण्याआधी तळाशी वातीला धातूची चकती आहे का ते पाहा. चकती नसेल तर मेण संपताना वात आडवी होते, ज्योत काचेला टेकते आणि पेला तडकतो. उन्हाळ्यात मऊ पडलेल्या मेणातही वात अशीच कलते. पंख्याखाली तर दिवा ठेवूच नका: काजळी धरते आणि मेण वेळेआधी संपतं.

आमची पसंती तेलाच्या पेल्याला. खाली थोडं पाणी, वर ऑलिव्ह तेल, त्यावर तरंगती बारीक वात. तासाला साधारण 3-4 मिली तेल जळतं, म्हणून 26 तासांसाठी 100 मिलीहून थोडं जास्तच घाला. तेल संपलं की वात पाण्याला टेकून आपोआप विझते, त्यामुळे काच तापून फुटण्याची भीती कमी.

विजेचा दिवा रुग्णालयात किंवा वसतिगृहात ठीक, कारण तिथे ज्योत चालत नाही. घरी मात्र खरी ज्योतच हवी; बायबलमधल्या नीतिसूत्रांनी माणसाच्या आत्म्याला परमेश्वराचा दीप म्हटलं आहे ना!

बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरांत हिलुल्याला मलिदा केला असेल तर पोहे, गूळ, खोबरं आणि फळांच्या ताटात दिवा ठेवू नका, हातभर लांब ठेवा. आशीर्वाद म्हणताना ताटावरून हात फिरतात, बाह्या ज्योतीवर येतात.