घरातलं नाण्याचं गेम मशीन : काही महिने वापरल्यानंतर

दिवाळीनंतर आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घरी व्हिडिओ गेमचं उभं मशीन आलं. हिवाळा आणि नागपूरचा अख्खा उन्हाळा त्याने काढला, आता पाऊस सुरू आहे. चांगलं-वाईट दोन्ही सांगता येईल इतका वापर झाला आहे. सांगाडा १८ मिमी प्लायचा, पडदा १९ इंची जुना चौकोनी एलसीडी, आत ऑफिसातून निघालेला छोटा संगणक, दोघांसाठी दोन काठ्या (जॉयस्टिक), प्रत्येकी सहा बटणं आणि पुढच्या बाजूला खरं नाणं घेणारं यंत्र. नागपुरातल्याच एका कारागिराने बनवून दिलं, ४० हजारांच्या आसपास पडलं.

निकाल आधीच सांगते. जागा असेल आणि घरात खेळणारी माणसं असतील तर जरूर घ्या. पण नाण्याच्या यंत्राचे पैसे वाचवू नका. अनेक जण ते शोभेचं समजून गाळतात. माझ्या अनुभवात मशीनमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच निघाला.

मशीन आलं तेव्हा ते ‘फ्री प्ले’वर लावलेलं होतं. बटण दाबलं की खेळ सुरू. माझ्या मुलीने आणि भाच्याने कॅपकॉम कंपनीचा १९८९चा ‘फायनल फाइट’ लावला. मेलं की बटण, पुन्हा मेलं की पुन्हा बटण. एका बैठकीत शेवटचा खलनायक खाली पडला आणि नंतर त्या खेळाकडे दोघांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे रोज एक नवा खेळ उघडायचा, दहा मिनिटं बटणं बडवायची आणि दुसऱ्याकडे वळायचं, असं चाललं. मग मी नाण्याची सोय सुरू करून घेतली आणि घरात नियम केला की रविवारी प्रत्येकाला पाच नाणी, संपली की पुढच्या रविवारी. थोड्याच दिवसांत खेळण्याची तऱ्हा बदलली. भाचा मागे हटायला शिकला. गुंडांना पडद्याच्या एका कडेला गोळा करायचं, कोणत्या पिंपात जेवण लपलं आहे ते लक्षात ठेवायचं, जीव कमी असेल तेव्हा ते पिंप राखून ठेवायचं, हे सगळं दोघांनी आपापसात बोलून बसवलं. आता तिसऱ्या टप्प्यापर्यंत एका नाण्यात जातात आणि त्याचा आनंद अख्ख्या गल्लीला सांगतात.

हे खेळ नाण्याभोवतीच बांधलेले आहेत, म्हणून असं होतं. १९७१चा ‘कॉम्प्युटर स्पेस’ ठरलेल्या वेळेवर चालायचा. वेळ संपली की खेळ संपला. १९७२मध्ये अटारीचा ‘पाँग’ आला. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या दारूच्या गुत्त्यात त्याचं पहिलं मशीन ठेवलं होतं. ते बंद पडल्याचा निरोप आला म्हणून बनवणारे ॲलन अल्कॉर्न पाहायला गेले, तर बिघाड कसलाच नव्हता, नाण्याचा डबा गच्च भरला होता. ‘पाँग’ दोघांत खेळायचा आणि ठरलेल्या गुणांवर संपायचा. १९७८च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’ने मात्र हिशेब बदलला. टायटो कंपनीच्या टोमोहिरो निशिकादो यांनी केलेल्या या खेळात वेळेचं बंधन नव्हतं. जीव मोजके होते आणि जितकं चांगलं खेळाल तितका वेळ मिळायचा. त्यातले परग्रही जसजसे कमी होतात तसतसे वेगाने चालतात. ही गती मुद्दाम आखलेली नव्हती. मशीनमधल्या बिचाऱ्या इंटेल ८०८० प्रोसेसरला पडद्यावर कमी आकृत्या काढाव्या लागल्या की बाकीच्या भराभर हलायच्या. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. एका नाण्यात किती टिकता येईल हा प्रश्न तिथून सुरू झाला आणि पुढची वीस वर्षं निरनिराळ्या रूपांत विचारला गेला. १९८५च्या ‘गाँटलेट’मध्ये तर उभं राहिलात तरी शक्ती कमी होत राहते आणि नाणं टाकलं की वाढते. चार जण एकदम खेळू शकतील असं ते मशीन होतं. ती नाणं काढून घ्यायची उघड युक्ती मला आवडत नाही. ‘स्पेस इनव्हेडर्स’चा सौदा जास्त सचोटीचा वाटतो.

आमच्याकडे सगळ्यात जास्त नाणी खातो तो ‘पॅक-मॅन’. नामकोचा, १९८०चा, तोरू इवातानी यांचा. चाळीस वर्षांहून जुना खेळ आणि माझी नववीतली मुलगी त्याला वहीत नकाशे काढून खेळते. त्यातली चार भुतं चार स्वभावांची आहेत. लाल भूत थेट पाठलाग करतं, गुलाबी तुमच्या तोंडासमोरची जागा धरून अडवायला येतं, निळ्याची चाल तुमच्या आणि लाल भुताच्या जागेवरून ठरते आणि केशरी जवळ आलं की कोपऱ्याकडे पळतं. त्यात नशिबाचा भाग नाही. तुम्ही तीच वाट तशीच चाललात तर भुतंही तशीच येतात. म्हणून वाट पाठ करता येते. वळणावर काठी किंचित आधी फिरवली तर पॅक-मॅन कोपरा कापून भुतापेक्षा लवकर वळतो, हे तिने स्वतः शोधलं. फुकटच्या खेळात ती इतकी खोलात गेली असती असं मला वाटत नाही.

‘पॅक-मॅन’मुळेच मशीनमधला एक दोष कळला. हा खेळ चार दिशांच्या काठीसाठी केलेला आहे आणि मशीनला आठ दिशांची काठी येते. घाईत काठी तिरकी जाते, वळण चुकतं आणि नाणं वाया जातं. आमच्या काठीच्या तळाशी एक प्लॅस्टिकची प्लेट आहे, ती वळवून बसवली की काठी चारच दिशांना जाते. प्रत्येक वेळी उघडझाप करणं मात्र त्रासाचं आहे. दुसरा दोष पडद्याचा. ‘पॅक-मॅन’, ‘गॅलागा’, ‘१९४३’ यांचे मूळ पडदे उभे होते. आमच्या ५:४ पडद्यावर ते मधल्या सुमारे ६० टक्के रुंदीत बसतात आणि दोन्ही बाजू काळ्या राहतात. ‘गॅलागा’मध्ये आपलं विमान शत्रूला धरू देऊन मग सोडवून आणायचं आणि दोन विमानांनी एकत्र मारायचं, हा त्या खेळाचा सर्वांत सुंदर डाव आहे. तो एवढ्याशा चित्रात बघताना वाईट वाटतं. तुमची आवड १९८५च्या आधीच्या खेळांची असेल तर कारागिराला उभाच पडदा लावायला सांगा.

आता नाण्याच्या यंत्राबद्दल, कारण यावर कुणी लिहीत नाही. आमचं यंत्र नमुन्यावर चालतं. आत एक नाणं अडकवून ठेवायचं, टाकलेलं नाणं त्याच्याशी जुळलं तर संगणकाला एक इशारा जातो, नाही तर नाणं खालून परत पडतं. अडचण आपल्या रुपयाची आहे. १९९२पासूनचा स्टेनलेस स्टीलचा रुपया २५ मिमीचा, २०११च्या मालिकेतला सुमारे २२ मिमीचा आणि २०१९च्या मालिकेतला २० मिमीचा. तिन्ही आजही आपल्या पाकिटात असतात. आम्ही २०११च्या मालिकेचा रुपया नमुना ठेवला, कारण भाजीवाल्याकडून तोच जास्त मिळतो. बाकीचे दोन्ही रुपये यंत्र परत करतं. आता जुळणारी नाणी मशीनशेजारी एका स्टीलच्या डब्यात ठेवली आहेत. रविवारी रात्री गल्ला उघडायचा आणि नाणी पुन्हा डब्यात. पैसे घरातले घरातच फिरतात, तरी पोरं नाणं टाकताना हात आखडतात. एक सूचना : जुन्या पद्धतीच्या काही यांत्रिक खाचांमध्ये खोटी लोखंडी चकती पकडायला चुंबक असतो. आपलं स्टीलचं नाणं चुंबकाला चिकटतं, त्यामुळे परदेशी जुनी खाच हौसेने आणलीत तर रुपया आतच अडकेल.

नागपूरचा उन्हाळा हा मशीनचा खरा कस होता. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला तेव्हा बाजूंना चिकटवलेलं रंगीत व्हायनल कडांनी सुटलं. मागचं दार बंद ठेवून दुपारी खेळलं की आतला संगणक मंदावायचा आणि आवाज तुटायचा. कारागिराने मागे दोन १२० मिमीचे पंखे बसवले, एक हवा आत घेणारा आणि एक बाहेर फेकणारा. त्यानंतर तक्रार राहिली नाही. मशीन कूलरच्या थेट झोताखाली ठेवू नका. ओली हवा स्विचांत जाते, आमची दोन बटणं त्यानेच चिकटायला लागली होती. ती ३० मिमीची साधी बटणं असतात, खालून वायर काढून नवीन ढकललं की झालं. बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बटणाखालचे मायक्रोस्विच सहज मिळाले. वीज जाण्याचा बंदोबस्त मात्र पहिल्या दिवसापासून करा. छोटा यूपीएस लावा, म्हणजे संगणक नीट बंद करायला वेळ मिळतो.

१९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’साठी आमच्याकडे सहा-सहा बटणं लावली. तीन ठोशांची, तीन लाथांची. या खेळाने नाण्याचा अर्थ पुन्हा बदलला. इथे तुमचं नाणं शेजारी उभा असलेला माणूस संपवतो. जो हरला त्याने बाजूला व्हायचं, जिंकलेला तिथेच. आमच्या व्हरांड्यात आता हेच चालतं. शेजारची पोट्टी शाळेतून आली की फाटकावरूनच विचारतात, “काकू, मशीन सुरू आहे का?” आणि आत आल्यावर एकमेकांना, “काहून बे, माझा नंबर कधी येईन?” वरच्या माळ्यावरचे काका निवृत्त झालेले आहेत. ते एकाच पात्राने, फक्त बसून वार अडवत आणि खालून लाथ मारत खेळतात आणि कॉलेजच्या मुलांना हरवतात. मला ते बघायला फार आवडतं.

मी स्वतः नव्वदच्या दशकात दादाबरोबर बर्डीच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जायचे. मुली जवळपास नसायच्याच. मालकाकडून टोकन घ्यायचं आणि पुढचा नंबर आपला हे सांगायला ते पडद्याच्या काचेखालच्या कडेवर ठेवायचं. माझं टोकन कुणी सरकवलं तर दादा काही बोलायच्या आधी मीच भांडायचे. आज व्हरांड्यात मुली बरोबरीने रांगेत असतात, नाणं कडेवर ठेवतात आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही. एवढ्यासाठीसुद्धा मला हे मशीन घेतल्याचं समाधान आहे.

घरी येणारे माझ्या वयाचे सगळे एकच विचारतात, “मुस्तफा आहे का?” म्हणजे कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. त्यातल्या पिवळ्या टोपीच्या मुस्तफा कैरोमुळे आपल्याकडे अख्ख्या खेळालाच त्याचं नाव पडलं. आमच्याकडे तो नाही. बाजारात हजारो खेळ भरून दिलेली मशीनं मिळतात, पण त्या प्रती कंपन्यांच्या परवानगीशिवायच्या असतात. मी मशीन रिकामं घेतलं आणि कॅपकॉम, नामको, अटारी यांनी संगणकासाठी काढलेले जुन्या खेळांचे संच विकत घेतले. ज्यांनी हे खेळ घडवले त्यांच्या कंपन्यांना निदान तेवढं तरी मिळावं असं मला मनापासून वाटतं. ‘मुस्तफा’ एका अमेरिकी कॉमिकवर बेतलेला असल्यामुळे त्याचे हक्क एकट्या कॅपकॉमकडे नाहीत आणि तो पार्लरच्या बाहेर अधिकृतपणे कधी आलाच नाही. पार्लरच्या मशीनमधल्या मूळ सर्किट बोर्डावर खेळावा तर त्यात एक बॅटरी असते. ती सांकेतिक किल्ली जपते आणि बॅटरी संपली की बोर्ड सुरूच होत नाही. भारतात इतक्या लोकांच्या बालपणाचा भाग असलेला खेळ असा अडकून पडावा याची मला खरोखर खंत आहे.

नव्वदच्या उत्तरार्धातले खेळ घरच्या अशा मशीनवर आणण्याचा अट्टहास करू नये. १९९५चा ‘टाइम क्रायसिस’ पायाखालच्या पेडलशिवाय आणि हातातल्या बंदुकीशिवाय अर्धवट आहे. जुन्या बंदुका तर काचेच्या नळीच्या पडद्यावरच चालतात. १९९८चा ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ पायाने खेळायचा. त्यासाठी मॉलमधलं गेम झोन बरं, पण तिथे आता कार्ड टेकवायचं असतं. मुलांना घेऊन गेले होते तेव्हा एका खेळाला किती गेले हे बाहेर पडेपर्यंत कुणालाच कळलं नाही. हातातली नाणी कमी होताना दिसतात, तशी कार्डातली रक्कम दिसत नाही.

घेणार असाल तर कारागिराशी बोलताना चार गोष्टी लिहून घ्या. आवाजाची घुंडी बाहेरच्या बाजूला हवी. कुणी खेळत नसताना मशीन स्वतःची जाहिरात करत वाजत राहतं आणि रात्री ते बंद करायला दार उघडावं लागू नये. चाकं हवीत, कारण झाडताना हलवावं लागतं आणि वजन दोघांना उचलेना. मागच्या दाराला कुलूप हवं. नाण्याचा डबा पुढून निघायला हवा. आमचा मागून निघतो, त्यामुळे रविवारी गल्ला मोजायला दर वेळी मशीन भिंतीपासून ओढावं लागतं. कारागिराने दिवाळीच्या आत पुढचं दार करून देतो म्हटलं आहे. तेव्हाच नाण्याचं दुसरं यंत्र बसवून त्यात २० मिमीच्या रुपयाचा नमुना ठेवणार आहे.