बोरीबंदरसमोरची अंजुमन आणि माझी जकात

जकात म्हटले की मराठी कानाला आधी नाका आठवतो आणि त्यामागची ट्रकांची रांग. मुंबईतली ती जकात २०१७ साली संपली. आमच्या घरची जकात मात्र दर रमजानमध्ये न चुकता दारात उभी राहते. वर्षभर शिल्लक राहिलेली रोकड, सोने आणि व्यापारातला माल यांचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, गरजूंचा हक्क म्हणून बाजूला काढायचा असतो. हिशेबाला अर्धा तास पुरतो, पण ती रक्कम कोणाच्या हाती द्यावी हे ठरवण्यात निम्मा रमजान उलटतो. गेली काही वर्षे मी तिच्यातला मोठा वाटा मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लाम या शिक्षणसंस्थेला देत आलो आहे. ‘तिथेच का?’ असे नातेवाईक दर वर्षी विचारतात, म्हणून या संस्थेविषयीचे माझे मत एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आधीचा एक अनुभव सांगितल्याशिवाय हे मत कळणार नाही. एका दुसऱ्याच ट्रस्टला, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, मी सलग तीन वर्षे जकात दिली. पावतीवर केवळ ‘देणगी’ एवढेच छापलेले असे आणि मीही कधी हटकले नाही. चौथ्या वर्षी नव्या प्रवेशद्वाराच्या उद्घाटनाचे निमंत्रण आले. संगमरवर उत्तम होता, कमानीवरची अक्षरेही सुबक होती. पण माझ्या जकातीतला किती भाग या कमानीत गेला, असे विचारले तेव्हा उत्तराऐवजी चहा आला. बहुतेक उलेमांच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांच्या, मते जकात पात्र गरजूच्या मालकीची व्हावी लागते. विधवेच्या हातात पैसे पडणे किंवा गरीब मुलाची फी त्याच्या वतीने भरली जाणे तिच्यात बसते. इमारत, रंगकाम आणि कारकुनाचा पगार बसत नाही. त्या खर्चासाठी लिल्लाह किंवा सदका म्हणून वेगळी, ऐच्छिक देणगी द्यायची असते. म्हणून शिक्षणसंस्थेला जकात द्यायची तर इमारतीकडे न पाहता एकच गोष्ट पाहावी, असे मी तेव्हापासून ठरवले: भरलेल्या फीच्या मोबदल्यात त्या मुलाच्या हाती असे काही पडते का, की ज्यामुळे दहा वर्षांनी त्याच्या घराला जकात घ्यावी लागणार नाही?

या कसोटीवर अंजुमन उतरते, आणि त्याचे मूळ तिच्या स्थापनेत आहे. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन आणि नाखुदा महंमद अली रोगे यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. तय्यबजी सुलेमानी बोहरा होते आणि रोगे आमच्यासारखे कोकणी, हे मी मुद्दाम सांगतो. कारण जमातीजमातींत वाटल्या गेलेल्या मुंबईच्या मुसलमानांनी एका बाकावर बसणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मराठी वाचकाला तय्यबजी वेगळ्या कारणाने ठाऊक असतात. १८८७ साली ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १८९७ साली, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती असताना, राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन त्यांनीच दिला. समाजाची गरिबी खैरातीने हटणार नाही, इंग्रजी आणि गणित शिकल्याशिवाय सरकारी कचेरीचे दार उघडणार नाही, अशी या मंडळींची धारणा होती. १८८० साली त्यांनी शाळा सुरू केली आणि १८९३ साली बोरीबंदरसमोरची घुमटांची इमारत तयार झाली. जेम्स विलकॉक्स हे तिचे वास्तुविशारद. स्थानकाबाहेर पडून दादाभाई नौरोजी रस्ता ओलांडणारे हजारो लोक ती रोज पाहतात, पण आत शाळा भरते हे त्यांतल्या कितीजणांना माहीत असेल, याची मला शंका आहे.

मागच्या वेळी गेलो तेव्हा फाटकाजवळ एक बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि त्यांच्या झेरॉक्स. शेजारी सातवी-आठवीतला मुलगा अर्जातली एकेक इंग्रजी ओळ वाचून आईला दखनी उर्दूत समजावत होता, आणि ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्यापाशी दोघेही थांबले होते. आईने आकडा सांगितला, मुलाने तो पेनाने लिहिण्याआधी तळहातावर लिहून पाहिला. जकात नेमकी कोणाला द्यायची असते, याचे उत्तर मला त्या भिंतीपाशी मिळाले.

अंजुमनचे खरे बळ तिच्या शिडीत आहे. बालवाडीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत तिच्या शंभराच्या आसपास संस्था आहेत आणि विद्यार्थ्यांचा आकडा लाखाच्या वर सांगितला जातो. भायखळ्याचे साबू सिद्दीक १९३६ पासून तंत्रशिक्षण देत आले आहे. वर्सोव्याला युनानी वैद्यक महाविद्यालय आहे, नव्या पनवेलला अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि वास्तुकला एकाच आवारात आहेत, शिवाय हॉटेल व्यवस्थापन आणि वाणिज्य आहेच. एखाद्या मुलाची दहावीपर्यंतची फी भरून त्याला वाऱ्यावर सोडणाऱ्या संस्था मी पुष्कळ पाहिल्या. इथे त्याच छत्राखाली पुढची पायरी दिसत असते. खेळाचेही तसेच आहे. बेस्टच्या बसचालकाचा मुलगा असलेला वसीम जाफर याच शाळेचा. पंधराव्या वर्षी शालेय सामन्यात त्याने नाबाद चारशे केल्या, त्याची गोष्ट मैदानावरची मुले अजून सांगतात.

धर्मशिक्षणाच्या बाबतीत काही आप्तांचे माझ्याशी पटत नाही. त्यांना अंजुमनमध्ये दीन (धर्म) कमी आणि दुनिया जास्त वाटते. आलिम (धर्मपंडित) किंवा हाफिज (कुराण मुखोद्गत असणारे) घडवणे हे या संस्थेचे काम नाही, हे मान्य करावे लागेल. त्यासाठी मदरसे आहेत आणि त्यांना जे द्यायचे ते मीही देतो. इथे कुराणपठण आणि दीनियात, म्हणजे धर्माचे प्राथमिक शिक्षण, यांना शाळेच्या दिवसात जागा आहे, पण विज्ञानाच्या तासाची जागा घेऊन नव्हे. कायद्याची चौकटही तशीच आहे: सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षण देता येत नाही. मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले होते की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुले जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास आहेत. उरलेली मुले साध्या शाळेतच जाणार असतील तर चांगली शाळा आणि तिच्यात थोडा दीन, हा क्रम मला योग्य वाटतो. शिवाय तंत्रमहाविद्यालयांत इतर धर्मांची मुलेही शिकतात, आणि ती आमच्या मुलांच्या शेजारी बसतात याचेही मला मोल वाटते.

उणिवा आहेत, आणि काही जुन्या आहेत. तय्यबजींनी स्वतःच्या मुलींना शिकवले, पडद्याच्या प्रथेविरुद्ध भूमिका घेतली. तरी संस्थेची मुलींची स्वतंत्र माध्यमिक शाळा १९३६ साली निघाली, म्हणजे स्थापनेनंतर बासष्ट वर्षांनी. पुढे मुलींसाठी अनाथालय, गृहविज्ञान, तंत्रनिकेतन असे पुष्कळ झाले, पण त्या दोन पिढ्या गेल्या त्या गेल्याच. दुसरी तक्रार कोकणी माणसाची आहे. संस्थेचा भार मुंबई आणि तिच्या आसपासच आहे, त्यामुळे मंडणगड किंवा खेडच्या मुलाला तिचा लाभ घ्यायचा तर आधी मुंबईत कोणा मामाकडे राहण्याची सोय लावावी लागते. गावच्या जमातीचा बैतुलमाल, म्हणजे सामाईक मदतनिधी, अशा मुलाची एसटी आणि वह्या भागवतो, वसतिगृह भागवू शकत नाही. तिसरी गोष्ट मराठीची. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या प्रत्येक शाळेत मराठी सक्तीची झाली आहे. परंतु उर्दू माध्यमाच्या मुलाला मराठी केवळ पास होण्यापुरती आली तर स्पर्धा परीक्षेत आणि तहसील कचेरीत तो मागेच पडणार. एवढ्या मोठ्या संस्थेने इथे पुढाकार घ्यावा, अशी माझी अपेक्षा आहे.

जे देऊ इच्छितात त्यांना माझी पद्धत सांगतो. धनादेशासोबत मी दोन ओळींचे पत्र जोडतो आणि त्यात रक्कम जकातीची असून ती पात्र विद्यार्थ्याच्या फीसाठीच वापरावी, असे लिहितो. त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. शाळेच्या दुरुस्तीसाठी किंवा जकातीच्या निकषात न बसणाऱ्या मुलांसाठी द्यायचे असेल तर वेगळा धनादेश काढतो आणि त्यावर तसे स्पष्ट लिहितो. आयकरातली सवलत हवी असेल तर रोख दोन हजारांवर देऊ नये, कारण त्यापुढची रोख देणगी धरली जात नाही. आणि शक्य असेल तर रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांची वाट न पाहता जूनमध्ये द्यावे. प्रवेशाचे अर्ज तेव्हा भरले जातात, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसांना रमजान कोणत्या महिन्यात आला याने फारसा फरक पडत नाही.